'निल' म्हणजे नक्की किती?

आजचा विषय लघवीचा आहे. तेव्हा शनिवारचे पोहे अजून संपले नसतील तर आधी ते संपवा, मग वाचायला बसा. :)

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कंपनीत वर्षातून एकदा 'हेल्थ चेकअप' होतं. सकाळी उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायचं, त्या छोट्याशा डबीत नमुना द्यायचा आणि मग फुकटचं सँडविच खाऊन ऑफिस गाठायचं. दोन दिवसांनी रिपोर्ट येतो. त्यात आपण बघतो काय? साखर, कोलेस्टेरॉल, फार तर हिमोग्लोबिन. लघवीचं पान कुणी वाचत नाही. त्या पानावर एक ओळ असते – 'प्रोटीन : निल'.

या एका ओळीमागे तीनशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. आणि गंमत म्हणजे या 'निल'चा अर्थ 'नाही' असा कधीच नव्हता. 'आमच्या पद्धतीला दिसलं नाही', एवढाच तो अर्थ. आपल्या धंद्यातल्या माणसाला हा फरक समजावून सांगायला नको. लॉगमध्ये एरर नाही म्हणजे सगळं ठणठणीत आहे असं नसतं. लॉगची पातळी काय लावून ठेवली आहे ते आधी बघावं लागतं.

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण गेले काही शनिवार-रविवार या 'निल'च्या मागे लागलो होतो. ते का, ते पुढे येईलच.

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही बाजू मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळला जातो. त्यातला जवळजवळ सगळा शरीर परत आत घेतं आणि उरलेला दीड-दोन लिटर बाहेर टाकतं. आता रक्तातल्या द्रवात अल्ब्युमिन नावाचं एक प्रथिन असतं, लिटरमागे साधारण ४० ग्रॅम. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणं हे त्याचं एक मोठं काम. ते कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं आणि अंगावर सूज येते.

आता जरा हिशोब करू. गाळणीने अल्ब्युमिन अजिबात अडवलं नाही असं समजा. १८० गुणिले ४० म्हणजे दिवसाला सात किलोहून जास्त अल्ब्युमिन गाळणीपलीकडे जाईल. प्रत्यक्षात निरोगी माणसाच्या लघवीत दिवसभरात ३० मिलिग्रॅमपेक्षाही कमी येतं. भागाकार केला तर दहा लाखात साधारण चार भाग! ज्यांच्या कंपनीत सिक्स सिग्माचं ट्रेनिंग झालंय त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल (तिथे ३.४ असतो). आणि हे श्रेय एकट्या गाळणीचं नाही. जे थोडंफार निसटतं त्यातलं बरंचसं पुढच्या नलिका शोषून परत घेतात.

इतकी काटेकोर व्यवस्था असल्यामुळेच ती जरा बिघडली तरी लघवीत खूण उमटते. मधुमेहासारख्या आजारात पुष्कळदा गाळण्याचा वेग मंदावायच्या कितीतरी आधी. याउलट रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावर आपण सगळे विसंबून असतो, ते मूत्रपिंडाचं जवळजवळ निम्मं काम बंद पडेपर्यंत रिपोर्टवर 'नॉर्मल'च दिसू शकतं. म्हणजे लघवी हा आधीचा निरोप आणि क्रिएटिनिन हा नंतरचा.

*

हा निरोप वाचायचा पहिला प्रयत्न फार जुना आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या वैद्यकीय सूत्रांत असं एक सूत्र आहे की लघवीवर बुडबुडे दिसले तर रोग मूत्रपिंडाचा आहे आणि तो लांबणार आहे. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं हे वाक्य! यात निदानही आहे आणि भाकीतही. प्रथिन असलं की लघवीला फेस येतो हे आज आपल्याला ठाऊक आहे. (आता लगेच घाबरू नका. जोरात धार पडली तरी फेस येतो. टिकून राहणारा, वारंवार दिसणारा फेस असेल तर मात्र तपासून घ्यावं.)

त्यानंतर फारशी प्रगती नाही. युरोपात शतकानुशतकं वैद्य लघवीची काचेची सुरई उजेडात धरून रंग बघत राहिले आणि वाटेल ती भाकितं सांगत राहिले. १६९४ मध्ये हॉलंडमधल्या लायडनच्या फ्रेडरिक डेकर्सने एक साधी गोष्ट नोंदवली. काही रोग्यांच्या लघवीत थोडं व्हिनेगरचं आम्ल घालून ती तापवली तर ती दुधासारखी पांढरी होते. नोंद झाली, पण तिचा मूत्रपिंडाशी संबंध कुणी जोडला नाही.

सत्तर वर्षांनी, १७६४ मध्ये, इटलीतल्या नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्योने सायटिकावर एक पुस्तक लिहिलं. हो, कंबरेतून पायात जाणाऱ्या त्या कळेवर! त्यात ओघात एका २८ वर्षांच्या सैनिकाची हकिगत आली. त्याचं अंग सुजलं होतं. सुजेतलं पाणी तापवलं की गोठतं हे कोतुन्योला माहीत होतं. मग हेच पाणी लघवीवाटे बाहेर पडत असेल का, असा विचार करून त्याने लघवी उकळली. भांड्यात उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा गोळा उरला. तर्क किती सरळ आहे बघा. पण शरीर साचलेलं पाणी बाहेर टाकतंय, म्हणजे हे चांगलंच चाललंय, असा त्याचा रोख होता. आकडा बरोबर पण अर्थ चुकला, हे आपल्याकडे डॅशबोर्डसमोर बसलेल्यांच्या बाबतीतही होतं.

१८१२ मध्ये लंडनच्या विल्यम चार्ल्स वेल्सने सुजेच्या बऱ्याच रोग्यांची लघवी पद्धतशीर तपासली आणि पुष्कळांत प्रथिन सापडल्याचं लिहिलं. पण बिघाड नेमका कुठे आहे, याचं उत्तर मिळायला आणखी पंधरा वर्षं लागली.

ते दिलं लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटने. त्याचं साधन म्हणजे एक चमचा आणि एक मेणबत्ती. चमच्यात थोडी लघवी घ्यायची, मेणबत्तीवर धरायची. गढूळ झाली की अल्ब्युमिन आहे. एवढीच टेस्ट! पण ब्राइटने पुढचं कामही केलं. तो रोगी दगावला की त्याचं शवविच्छेदन करून मूत्रपिंड बघायचा. सूज, चमच्यातला गढूळपणा आणि आत सापडणारं आक्रसलेलं, खरबरीत मूत्रपिंड या तिन्ही गोष्टी एकाच साखळीतल्या आहेत, हे त्याने १८२७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं. जॉन बॉस्टॉक नावाच्या रसायनतज्ज्ञाने त्याच्यासाठी रक्ताचं पृथक्करण केलं. लघवीत जे अल्ब्युमिन जास्त सापडतंय ते रक्तातून कमी होतंय, आणि लघवीतून जायला हवा तो युरिया रक्तात साठतोय, हे त्यातून दिसलं. पुढची शंभर वर्षं मूत्रपिंडाच्या या सगळ्या आजारांना 'ब्राइट्स डिसीज' असंच म्हणत.

१८४२ मध्ये गाइजमध्ये या रोग्यांसाठी ४२ खाटांची वेगळी सोय झाली, शेजारीच छोटी प्रयोगशाळा. मूत्रपिंड-संशोधनासाठी असा स्वतंत्र विभाग बहुधा जगातला पहिलाच.

आता या गोष्टीतली बोचणारी बाजू. ब्राइटला दिसत होतं. पुढे काय होणार हे बऱ्याच वेळा सांगताही येत होतं. पण हातात काय होतं? रक्त काढणं, जुलाब देणं, अंथरुणात पडून राहायला सांगणं. चमचा गढूळ झाला म्हणजे एका माणसाचं भविष्य कळलं, बस्स. त्या कळण्याचा रोग्याला कवडीचा उपयोग नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण माझ्या मते हा सगळा इतिहास याच एका मुद्द्याभोवती फिरतो.

*

मध्येच एक छोटी पण भन्नाट गोष्ट सांगतो. १८४५ साली लंडनमधल्याच हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टर-रसायनतज्ज्ञाकडे दुसऱ्या डॉक्टरांनी एका किराणा दुकानदाराची लघवी पाठवली. त्या माणसाची हाडं विलक्षण दुखत होती. लघवीचं वागणं उफराटं होतं. अल्ब्युमिन तापवलं की गोठतं आणि गोठलेलंच राहतं. इथे नायट्रिक आम्ल घातल्यावर जे काही होतं ते गार झाल्यावर घट्ट व्हायचं आणि पुन्हा तापवलं की विरघळायचं! डॉक्टरांनी विचारलं, हे आहे तरी काय? रोगी १८४६ च्या १ जानेवारीला वारला. आज आपण त्या आजाराला मायलोमा म्हणतो, हाडांच्या मगजातला कर्करोग. ते प्रथिन म्हणजे अँटिबॉडीचे सुटे तुकडे, हे कळायला १९६२ उजाडलं.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा की लघवीत येणारं प्रत्येक प्रथिन अल्ब्युमिन नसतं, आणि कोणतं प्रथिन येतंय यावरून बिघाड कुठे आहे हे कळू शकतं. अल्ब्युमिन सहसा गाळणी फाटल्याचं सांगतं. छोटी प्रथिनं आली तर नलिकांनी परत शोषायचं काम सोडलेलं असतं. आणि बेन्स जोन्ससारखं काही आलं तर गाळणी धड असूनही वरूनच भलतं काही ओतलं जात असतं. एकाच लॉग फाइलमध्ये तीन वेगवेगळ्या मॉड्यूल्सच्या एरर येतात, तसं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉक्टरांना 'आहे-नाही' एवढ्यावर समाधान होईना. किती आहे? १८७४ मध्ये पॅरिसच्या एस्बाख नावाच्या डॉक्टरने खुणा केलेली काचेची नळी काढली. तिच्यात लघवी आणि पिक्रिक आम्लाचं मिश्रण घालून एक दिवस ठेवायचं आणि तळाशी किती साका बसला ते वाचायचं. अगदी ढोबळ, पण आकडा मिळाला. विमा कंपन्यांचे डॉक्टरही लघवीतलं अल्ब्युमिन बघू लागले. भाकितात रस असलेला पहिला ग्राहक बहुधा विमावालाच असतो, नाही का?

आणि मग उलटी तक्रार सुरू झाली. धडधाकट तरुणांच्या लघवीतही कधीकधी अल्ब्युमिन सापडे. ताप असला, खूप व्यायाम झाला, काहींना तर नुसतं उभं राहिल्याने येई आणि रात्री आडवं झालं की जाई. १९०१ मध्ये विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरने एक मिस्कील लेख लिहिला. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या लघवीत थोडंसं अल्ब्युमिन सापडणं हे फायद्याचंच, असा त्याचा सूर. कारण त्या निमित्ताने माणूस खाण्यापिण्याला आवर घालतो! विनोद बाजूला ठेवा, पण खोटी घंटा वाजणं हा या मार्करचा जुना आजार आहे. आजही एका रिपोर्टवरून निकाल देत नाहीत. तीन महिने ते सहा महिन्यांत तीनदा तपासून त्यातले दोन तरी वाढलेले हवेत, असा दंडक आहे.

*

चमचा-मेणबत्ती जाऊन पट्टी आली ती १९५७ मध्ये. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावच्या माइल्स लॅबोरेटरीजमध्ये हेलन फ्री आणि आल्फ्रेड फ्री हे रसायनतज्ज्ञ जोडपं काम करत होतं. आदल्याच वर्षी त्यांच्या चमूने साखरेसाठी 'क्लिनिस्टिक्स' आणलं होतं, त्यापाठोपाठ प्रथिनासाठी 'अल्बुस्टिक्स' आलं. यातली युक्ती शाळेतल्या लिटमसची आठवण करून देणारी आहे. आम्लता बदलली की रंग बदलणारं एक रसायन घ्यायचं आणि पट्टीवरची आम्लता मात्र कायम राहील अशी तजवीज करायची. अल्ब्युमिन त्या रसायनाला चिकटलं की आम्लता तीच असूनही रंग पिवळ्याचा हिरवा होतो. रसायनशास्त्रात ही खरं तर मापनातली चूक समजली जात होती. फ्री जोडप्याने ती चूकच कामाला लावली. (बग नव्हे, फीचर! हा विनोद इथे टाळणं मला शक्य नव्हतं.)

पट्टीने क्रांती केली यात वाद नाही. पाच पैशांचं ज्ञान नसलेल्या माणसालाही मिनिटाभरात निकाल. पण पट्टीला एक उंबरठा आहे. लिटरमागे साधारण १५० ते ३०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन असल्याशिवाय तिचा रंग नीट बदलत नाही. आणि वर पाहिलंच की निरोगी माणसाचं प्रमाण दिवसाला ३० च्या आत. मग ३० पासून पट्टीच्या उंबरठ्यापर्यंतचा जो पट्टा आहे, तिथे असलेल्या माणसाच्या रिपोर्टवर काय छापून येतं? बरोबर, 'निल'. शिवाय भरपूर पाणी पिऊन गेलात तर नमुना पातळ होतो आणि 'निल'ची शक्यता आणखी वाढते.

आता मी या विषयाच्या मागे का लागलो ते सांगतो. माझ्या मोठ्या मामांना पंधरा वर्षं मधुमेह. माणूस अतिशय शिस्तीचा, रिटायर्ड हेडमास्तर. सगळे रिपोर्ट तारीखवार फाइल करून ठेवलेले. दोन वर्षांपासून त्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. मागच्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी ती फाइल माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "तू कंप्युटरवाला आहेस ना, यात कुठे चुकलं ते शोधून दे." मी सगळी पानं चाळली. पहिली दहा वर्षं दरवर्षी 'प्रोटीन : निल'. अकराव्या वर्षी 'ट्रेस'. मग 'एक प्लस', आणि मग दोनच वर्षांत तीन प्लस. अल्ब्युमिनची बारीक तपासणी त्या फाइलमध्ये एकदाही नव्हती. कुणी सांगितली नव्हती आणि मामांनाही ती असते हे माहीत नव्हतं. फाइल अतिशय व्यवस्थित होती. तिच्यात बघायला हवं ते कुणी लिहिलंच नव्हतं.

*

हा न दिसणारा पट्टा पहिल्यांदा दिसला तो पुन्हा गाइज हॉस्पिटलमध्येच. ब्राइटनंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी!

मधल्या काळात एक मोठा बदल झाला होता. १९२२ पासून इन्सुलिन मिळू लागलं. आधी जी मुलं मधुमेहाने वर्षा-दोन वर्षांत जायची ती आता वीस-तीस वर्षं जगू लागली आणि मग त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. १९३६ मध्ये किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेहींच्या गाळण्यांमध्ये साचणाऱ्या गाठींचं वर्णन केलं. ब्राइटचा जुना प्रश्न नव्या रूपात समोर आला. पट्टी हिरवी होईपर्यंत बराच उशीर झालेला असे.

गाइजमधल्या हॅरी कीनने ख्लुव्हेराकिस या सहकाऱ्यासोबत १९६३ मध्ये अल्ब्युमिन मोजायची नवी पद्धत प्रसिद्ध केली. थोड्याच वर्षांपूर्वी रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिन मोजण्यासाठी जी युक्ती काढली होती, तीच इथे वापरली. थोडक्यात सांगायचं तर मोजक्या अँटिबॉडी घ्यायच्या आणि त्यांना पकडायला दोन स्पर्धक सोडायचे: एक रोग्याच्या लघवीतलं अल्ब्युमिन, दुसरं आपण घातलेलं किरणोत्सारी अल्ब्युमिन. लघवीतलं जितकं जास्त, तितकं किरणोत्सारी बाजूला पडणार. ते मोजलं की उत्तर मिळालं. पट्टीला जे 'निल' वाटत होतं तिथे आता आकडे दिसू लागले.

दिसू लागले खरे, पण त्यांचा अर्थ काय? १९६६-६७ मध्ये गाइजमध्ये ८७ मधुमेही लोकांची रात्रभरची लघवी जमवून असं मोजमाप करून ठेवलं होतं. सगळे इन्सुलिनवर असलेले. चौदा वर्षांनी जानकार्लो व्हिबेर्ती आणि सहकाऱ्यांनी त्या जुन्या नोंदी काढल्या आणि ही माणसं आता कुठे, कशी आहेत ते शोधलं. ६३ जणांची माहिती मिळाली. ज्यांचं अल्ब्युमिन मिनिटाला ३० मायक्रोग्रॅमच्या आत होतं अशा ५५ जणांपैकी फक्त दोघांना पुढे उघड मूत्रपिंडविकार झाला. ज्यांचं ३० ते १४० च्या मध्ये होतं असे आठ जण होते. त्यातल्या सात जणांना झाला.

आठात सात! १९८२ मध्ये हा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. जुने लॉग जपून ठेवा असं आपण ज्युनियर मुलांना सांगतो ना, त्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १९८४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्सेनने प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहातही हेच दाखवलं, आणि वर हेही की हे थोडं वाढलेलं अल्ब्युमिन लवकर येणाऱ्या मृत्यूचीही सूचना देतं. अशा माणसाला नुसता किडनीचा नव्हे, हृदयविकाराचाही धोका जास्त असतो. या पट्ट्याला 'मायक्रोअल्ब्युमिनुरिया' म्हणू लागले. (नाव जरा फसवं आहे, अल्ब्युमिन काही छोटं होत नाही. म्हणूनच २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हे नाव मागे टाकलं आणि ए१, ए२, ए३ अशा पायऱ्या केल्या: ग्रॅमभर क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत, ३० ते ३००, आणि ३०० च्या वर.)

पण ब्राइटचा मुद्दा विसरू नका. भाकीत चौदा वर्षं आधी सांगता आलं, पुढे काय?

इथे नशिबाने साथ दिली. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरच्या संशोधनातून रक्तदाबाचं कॅप्टोप्रिल हे औषध तयार झालं होतं. १९९३ मध्ये ४०९ मधुमेही रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं की या गोळीने क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटतो, आणि तोही रक्तदाब उतरल्यामुळे जितका घटावा त्याहून जास्त. १८२७ ते १९९३. चमच्यात गढूळपणा दिसण्यापासून, तो दिसल्यावर देण्यासारखी खात्रीची गोळी हातात येण्यापर्यंत १६६ वर्षं गेली! २००१ मध्ये लोसार्टान आणि इर्बेसार्टानने दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातही असाच फायदा दाखवला. मग २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिन आणि २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिन. या दोन्ही चाचण्या फायदा इतका स्पष्ट दिसला की ठरलेल्या वेळेआधीच थांबवल्या. डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत तर मधुमेह नसलेले रुग्णही होते. चाचणीत कुणाला घ्यायचं याची एक मुख्य अट होती लघवीतलं अल्ब्युमिन. म्हणजे निदान, भाकीत आणि औषध कुणाला द्यायचं याचा निर्णय, तिन्ही कामं एकाच प्रथिनावर.

*

याचा अर्थ अल्ब्युमिन निर्दोष आहे असा नाही. २००३ मध्ये बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रातल्या अभ्यासात, मायक्रोअल्ब्युमिनुरिया असलेल्या ३८६ जणांपैकी सहा वर्षांत ५८ टक्के लोकांचं अल्ब्युमिन पुन्हा खाली आलेलं दिसलं. म्हणजे त्या आठातल्या सात जणांची वाट सगळ्यांच्या नशिबी नव्हती. काहींचं मूत्रपिंड तर अल्ब्युमिन न वाढताच ढासळतं. म्हणून दुसऱ्या प्रथिनांचा शोध जोरात चालू आहे. नलिकांना इजा झाली की लघवीत येणारी किम-१ आणि एनगॅल ही दोन नावं या शतकाच्या सुरुवातीला पुढे आली. २०१४ मध्ये अमेरिकेत अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी लघवीतल्या दोन प्रथिनांवर आधारलेल्या चाचणीला परवानगी मिळाली. पुढच्या १२ तासांत मूत्रपिंडाला तीव्र इजा होईल का, याचा ती अंदाज देते.

सगळ्यात महत्त्वाकांक्षी म्हणजे युरोपातली २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली 'प्रायॉरिटी' चाचणी. एका प्रथिनाऐवजी लघवीतले तब्बल २७३ तुकडे एकदम मोजायचे आणि त्यांच्या एकूण नक्षीवरून धोका ठरवायचा. मशीन लर्निंगवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटेल असा प्रकार! अल्ब्युमिन अगदी नॉर्मल असलेले १,७७५ मधुमेही घेतले. नक्षीने २१६ जणांना 'धोका जास्त' ठरवलं. आणि खरोखरच त्यांच्यातल्या २८ टक्क्यांचं अल्ब्युमिन पुढे वाढलं, बाकीच्यांत ९ टक्क्यांचं. भाकीत खरं ठरलं. पण धोका असलेल्यांपैकी काहींना आधीपासून जी गोळी (स्पायरोनोलॅक्टोन) देऊन बघितली तिचा ते रोखायला उपयोग झाला नाही.

दोनशे वर्षांनी पुन्हा तोच चमचा, तीच मेणबत्ती. फक्त चमचा फार महाग झालाय.

म्हणून मला वाटतं की मार्कर किती हुशार आहे यापेक्षा तो वाजल्यावर हातात काय करण्यासारखं आहे, हे आधी विचारावं. नव्या मार्करांच्या बातम्या दर महिन्याला येतात, त्या वाचताना हा प्रश्न विचारून बघा. बऱ्याच बातम्या तिथेच संपतात. आणि नेमकी ज्या जुन्यापुराण्या मार्करच्या बाबतीत आज हातात करण्यासारखं खूप आहे, तो अल्ब्युमिन मात्र आपण मोजत नाही! २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अहवालानुसार आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. मधुमेहींनी दरवर्षी लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मोजावं असं मार्गदर्शक सूचना स्वच्छ सांगतात. क्रिएटिनिनने भागल्यामुळे तुम्ही किती पाणी प्यालात याचा गोंधळही मिटतो. कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये ही तपासणी काही शे रुपयांत होते. गोळ्यांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्याही बाजारात आहेत.

तेव्हा घरी कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर त्यांची फाइल एकदा उघडा. 'लघवी रूटीन'चं पान नाही, 'एसीआर' लिहिलेलं पान शोधा. नसेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. नमुना शक्यतो सकाळचा द्या; ताप असताना, युरिन इन्फेक्शन असताना, पाळीत किंवा जिममधून थेट जाऊन देऊ नका. आकडा वाढलेला आला तर इंटरनेटवर रात्र न जागवता पुन्हा तपासून घ्या, आणि गोळ्या मनाने सुरू करू नका.

मामांना मी हा सगळा इतिहास सांगितला. हेडमास्तरच ते, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माझा पेपर कुणी तपासलाच नाही." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना लॅबमध्ये पाठवलं.